वैरागडचे हिरे व भामरागडचें लोखंड : चांदा प्रांतांतील जुन्या खाणींचा मागोवा

१. प्रस्तुत विषय

चांदा प्रांताचा पूर्वभाग, म्हणजे १९८२ सालीं निराळा झालेला गडचिरोली जिल्हा, हा आमच्या इतिहासग्रंथांत बहुधा एका वाक्यांत आटोपला जातो : तेथें घोर अरण्य होतें आणि गोंड राजे राज्य करीत असत. हें वाक्य खोटें नाहीं. पण तें अपुरें आहे. ह्या अरण्यांतून हिरे निघत, त्यांची कीर्ति दिल्लीच्या दफ्तरापर्यंत पोंचली होती, आणि त्यासाठीं दूरदूरच्या राजांनीं ह्या बाजूस नजर लावली होती. त्याच अरण्याच्या दक्षिण टोंकास भामरागडच्या डोंगरांत लोखंडाचे साठे आहेत. हिऱ्याच्या खाणी पडून कित्येक शतकें लोटलीं. लोखंड गाळण्याचा देशी धंदा बुडाल्यास शंभर वर्षांवर होऊन गेलीं. ह्या दोन्ही उद्योगांचा पुरावा कागदांत थोडा व जमिनींत अधिक आहे. आणि जमिनींतला पुरावा आज झपाट्यानें नाहींसा होत आहे. म्हणून कागदांवरून काय ठरतें व जमिनीवर काय पाहावें, हें एकत्र मांडण्याचा आम्ही येथें प्रयत्न करतों.

२. ‘वैरागड’ हें नांव

आरमोरी तालुक्यांत, खोब्रागडी व सती ह्या नद्यांच्या बेचक्यांत वैरागड हा गांव आहे. तेथें गोंडकालीन किल्ला व भांडारेश्वराचें देवालय आहे. दोन्हीं केंद्र सरकारच्या पुराणवस्तु खात्याच्या संरक्षणाखालीं आहेत. गांवांतील दंतकथा नांवाची उपपत्ति द्वापर युगांतल्या वैरोचन राजापाशीं नेते. भाषाशास्त्र मात्र निराळें सांगतें. संस्कृत ‘वज्र’ म्हणजे हिरा, त्याचें प्राकृत रूप ‘वइर’; ‘आकर’ म्हणजे खाण, त्याचें ‘आगर’. ‘वज्राकर’ शब्दाचा ‘वैरागर’ असा अपभ्रंश सरळ होतो, आणि किल्ला बांधला गेल्यावर लोकांच्या तोंडीं शेवटचा ‘गर’ जाऊन ‘गड’ बसला, असें मानण्यास कोणतीच अडचण नाहीं. तेव्हां गडावरून गांवास नांव पडलें नसून खाणीवरून पडलें, आणि नांव गडाहून जुनें आहे.

ह्यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे. जुन्या मराठींत ‘वैरागर’ हा शब्द हिऱ्याची खाण अशा सामान्य अर्थानेंही येतो. मग कोरीव लेखांत ‘वैरागर’ दिसला कीं तो आरमोरीजवळचाच गांव समजावा काय? केवळ शब्दावरून तसें समजूं नये, हें आम्हांस मान्य आहे. निर्णय शेजारच्या नांवांवरून करावा.

३. कोरीव लेखांची साक्ष

रतनपूरचा कलचुरि राजा पहिला जाजल्लदेव ह्याचा कलचुरि संवत् ८६६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा, शिलालेख प्रसिद्ध आहे. त्यांत ज्या मांडलिकांकडून त्याला वार्षिक खंडणी येत असे त्यांची यादी दिली आहे. त्या यादींत वैरागराच्या जोडीस लांजिका व भाणार हीं नांवें येतात. लांजिका म्हणजे बालाघाटाकडील लांजी आणि भाणार म्हणजे भंडारा. हीं तिन्हीं स्थळें वैनगंगेच्या खोऱ्याच्या एकाच पट्ट्यांत पडतात. येथें वैरागर हें सामान्यनाम असणें शक्य नाहीं. तें विशेषनाम आहे व त्याची जागा हीच आहे.

दुसरी साक्ष दक्षिणेची. चोळ सम्राट् पहिला कुलोत्तुंग ह्याच्या प्रशस्तींत त्यानें गादीवर येण्यापूर्वीं, म्हणजे इ. स. १०७० च्या अगोदर, ‘वयिरागरम्’ येथें हत्तींचे कळप धरले व ‘शक्करक्कोट्टम्’ येथें खंडणी घेतली असें म्हटलें आहे. दुसरें ठिकाण म्हणजे बस्तरमधील चक्रकोट. चक्रकोटाच्या जोडीनें आलेलें वयिरागरम् हें वैरागडच होय, हें मत रायबहादुर हिरालाल प्रभृति विद्वानांनीं स्वीकारलें आहे. ह्या उल्लेखांत हिऱ्यांपेक्षां हत्तींस महत्त्व दिलें आहे, ही गोष्ट पुढच्या विवेचनासाठीं ध्यानांत ठेवावी.

ह्याहून जुन्या ग्रंथांत गांवाचें नांव नाहीं, पण प्रदेशाची खूण आहे. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत हिऱ्यांचीं उत्पत्तिस्थानें सांगतांना वेणेच्या तीरास अग्रस्थान दिलें. ही वेणा म्हणजे वैनगंगा असें अनेक पंडितांनीं मानलें आहे. कौटिल्यानें हिऱ्यांच्या प्रकारांत ‘सभाराष्ट्रक’ नांवाचा प्रकार दिला असून टीकाकार सभाराष्ट्र म्हणजे विदर्भ असा अर्थ करतात. हे दोन्ही आधार एकेकटे घेतले तर दुबळे आहेत. वर दिलेल्या शिलालेखांच्या जोडीस ठेवले म्हणजे त्यांस बळ येतें.

४. फारसी तवारिखांची साक्ष

अबुल फज्ल ह्यानें सोळाव्या शतकाच्या अखेरीस आईन-इ-अकबरी लिहिली. तींतील वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनांत चांद्याच्या गोंड राजाचें नांव ‘बाबजीव’ असें येतें. हाच चांद्याच्या वंशावळींतील बाबाजी बल्लाळशहा. त्याच्यापाशीं एक हजार स्वार व चाळीस हजार पायदळ असल्याचें अबुल फज्ल सांगतो. बीरागड येथें हिऱ्याची खाण आहे, तेथें नक्षीचें कापड विणलें जातें, तें ठाणें बाबाजीनें नुकतेंच दुसऱ्या एका सरदारापासून हिसकावून घेतलें आहे, आणि त्या बाजूस रानटी हत्ती आहेत, अशी माहिती तो देतो. ही माहिती ऐकीव असली तरी तींतील हत्तींचा तपशील पांचशें वर्षें अगोदरच्या चोळ प्रशस्तीशीं तंतोतंत जुळतो. एकमेकांची गंधवार्ता नसलेले दोन साक्षीदार एकाच ठिकाणाबद्दल एकच गोष्ट सांगतात, तेव्हां त्यांवर विश्वास ठेवणें प्राप्त होतें. मध्यंतरीं ह्या अरण्यांतून हत्ती नाहींसे झाले होते. २०२१ सालीं छत्तीसगडाकडून एक कळप गडचिरोली जिल्ह्यांत उतरला, आणि अबुल फज्लचें वाक्य पुन्हां खरें झालें.

फिरिश्त्याचा दाखला अधिक गुंतागुंतीचा आहे. अहमदशहा बहामनीनें इ. स. १४२५ च्या सुमारास माहूरवर स्वारी केली व कळम येथील हिऱ्याची खाण घेतली, असें तो लिहितो. कळंब हें यवतमाळ जिल्ह्यांतील स्थळ. परंतु त्या बाजूची भूमि काळ्या अग्निजन्य दगडाची आहे. त्या दगडांत हिरा सांपडत नाहीं. मोगल अमलांत कळंब हें एका सरकाराचें मुख्य ठिकाण होतें व चांद्याचा वृत्तांत त्याच्याच अनुषंगानें येतो. म्हणून ‘कळमची खाण’ ह्याचा अर्थ कळंब गांवांतील खाण असा नसून कळंबच्या बाजूनें जिच्याकडे वाट जाते ती गोंडवनांतील खाण, असा करावा असें आमचें मत आहे. हें अनुमान आहे, सिद्धांत नव्हे. पण भूमीच्या गुणधर्माशीं विरोध नसलेलें तेंच एक अनुमान आहे.

५. ‘खाण’ म्हणजे येथें काय समजावें?

खाण म्हटली कीं वाचकाच्या डोळ्यांपुढें वरोऱ्याच्या कोळशाच्या खाणीसारखा खोल कूप व भुयारें उभीं राहतात. वरोऱ्याची ती खाण सरकारनें १८७१ त सुरू केली व १९०६ त बंद पडली. वैरागडास अशा भुयारांचा शोध करणारा मनुष्य रिकाम्या हातानें परतेल. हिरा पृथ्वीच्या पोटांतून एका विशिष्ट जातीच्या दगडाच्या नळांतून वर येतो, हें ज्ञान दक्षिण आफ्रिकेंतील किंबर्ले येथें १८७० नंतर झालें. त्यापूर्वीं हिंदुस्थानांतील बहुतेक हिरे नद्यांनीं वाहून आणलेल्या रेती-गोट्यांच्या थरांतून काढीत. वैरागडच्या हिऱ्यांचा मूळ दगड कोठें आहे हें ठरलेलें नाहीं. तथापि त्याच प्राचीन भूखंडाच्या पूर्वभागीं, छत्तीसगडांतील मैनपूरजवळ बेहराडीह व पायलीखंड येथें हिरे असलेले असे नळ विसाव्या शतकाच्या अखेरीस सांपडले आहेत. त्यामुळें ह्या प्रदेशांत हिरा असणें ही केवळ दंतकथा राहिली नाहीं.

रेती-गोट्यांतून हिरा कसा काढीत ह्याचें उत्तम वर्णन फ्रेंच जवाहिऱ्या तावर्निए ह्यानें सतराव्या शतकांत केलें आहे. त्यानें वैरागड पाहिलें नव्हतें. कृष्णाकांठच्या कोल्लूरचें काम त्यानें पाहिलें. तेथें मजूर दहा ते चौदा फूट खणून माती काढीत, ती शेजारीं बांधलेल्या चौकांत टाकून पाण्यानें धूत, गाळ वाहून गेल्यावर उरलेली रेती उन्हांत वाळवीत, सुपांनीं पाखडीत, ढेकळें फोडीत व अखेर हातांनीं चाचपून हिरे वेंचीत. पाणी लागलें कीं खणणें थांबत असे. हीच रीति वैरागडास असली पाहिजे असा आमचा आग्रह नाहीं. पण भूमि त्याच प्रकारची असल्यानें अवशेषही त्याच प्रकारचे शोधावे.

म्हणजे जमिनीवर तीन गोष्टी एकत्र दिसल्या पाहिजेत : उथळ खड्ड्यांचा समूह, त्यांच्या कडेस धुऊन टाकलेल्या गोट्यांचे ढीग, आणि पाण्याची सोय. केवळ खड्डा हा पुरावा नव्हे; कारण ह्या मुलुखांत खड्डे अनेक प्रकारचे आहेत. वैनगंगेच्या खोऱ्यांत गोंड राजवटीपासून बांधलेले शेंकडों तलाव आहेत. त्यांपैकीं फुटका व गाळानें भरलेला तलाव दुरून जुन्या खाणीसारखा दिसतो. पण तलावास उताराच्या बाजूस मातीची पाळ असते व पाणी सोडण्याची वाट असते. खाणीच्या खड्ड्याभोंवतीं माती चोहोंकडे वाटेल तशी टाकलेली असते. दुसरा प्रकार हत्ती धरण्याच्या खड्ड्यांचा. जेथें शतकानुशतकें हत्ती होते व धरले जात होते, तेथें असे खड्डे असण्याचा संभव विसरून चालणार नाहीं. ते जनावरांच्या वाटेवर, सुटे व उभ्या भिंतींचे असावयाचे. त्यांच्या कडेस धुतलेले गोटे असण्याचें कारण नाहीं. तिसरा प्रकार मुरूम खणण्याचा. तो बहुधा अलीकडचा असतो व रस्त्याच्या जवळ असतो.

व्हॅलेंटाइन बॉल ह्या भूगर्भशास्त्रज्ञानें १८८१ सालीं वैरागडच्या खाणींचा निर्देश करून त्यांचें स्थान सती नदीच्या कांठीं दिलें आहे. सती खोब्रागडीस मिळते व खोब्रागडी वैनगंगेस. म्हणून शोध किल्ल्याच्या तटांत न करतां सतीच्या जुन्या पात्राच्या उंच कांठांवर करावा. नदीनें पात्र बदललें असेल तेथें जुना कांठ आज शेतांत गेलेला असतो. नांगर, बांधबंदिस्ती आणि यंत्रानें होणारें सपाटीकरण ह्यांनीं एका उन्हाळ्यांत जें पुसलें जातें तें तीनशें पावसाळ्यांनीं पुसलें नव्हतें.

६. खाणी कां पडल्या?

ह्याचें एकच कारण सांगतां येत नाहीं. रेती-गोट्यांचा थर उथळ व मर्यादित असतो. तो संपला कीं काम संपतें, हें पहिलें कारण. चांद्याचें गोंड राज्य १७५१ सालीं नागपूरकर भोसल्यांकडे गेलें आणि खाणीवर जातीनें लक्ष देणारा जवळचा धनी राहिला नाहीं, हें दुसरें. तिसरें कारण ह्या अरण्यापासून फार दूरचें आहे : १७२५ च्या सुमारास ब्राझीलमध्यें हिरे सांपडले आणि युरोपच्या बाजारांत हिंदी हिऱ्याची मक्तेदारी मोडली. भाव उतरला म्हणजे ज्या खाणींत दहा टोपल्या माती धुवावी तेव्हां एक खडा हातीं लागतो ती प्रथम बंद पडते. वैरागडच्या खाणींचें नांव इंग्रजी अमदानींत येतें तें ‘पूर्वीं प्रसिद्ध असलेल्या’ अशा विशेषणानेंच येतें.

७. लोखंड : लोहाऱ्याहून भामरागडकडे

हिऱ्याची कथा राजांनीं लिहून ठेवली. लोखंडाची कोणीं लिहिली नाहीं. परंतु ती अधिक जुनी आहे. नागपूर जिल्ह्यांतील नायकुंड येथील उत्खननांत महापाषाण संस्कृतीच्या लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. तिचा काळ इ. स. पू. ७०० च्या सुमाराचा धरतात. विदर्भांतील लोक अडीच हजार वर्षांपूर्वीं धातुक गाळीत होते, आणि एकोणिसाव्या शतकांत चांद्याच्या अरण्यांत ती कला जिवंत होती.

चांदा जिल्ह्यांतील लोहारा येथील टेकडी जवळजवळ शुद्ध धातुकाची आहे, हें इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञांनीं नोंदविलें. गांवाच्या नांवानें तें आधींच सांगितलें होतें. १८८२ सालीं फॉन श्वार्झ ह्या तज्ज्ञानें चांद्यांतील लोखंडाच्या धंद्याविषयीं अहवाल लिहिला. तो जमशेटजी टाटांच्या वाचनांत आला, आणि पोलादाच्या कारखान्याची कल्पना त्यांच्या मनांत घर करून राहिली. वरोऱ्याचा कोळसा त्या कामास निरुपयोगी ठरला व सरकारी अटीही जाचक होत्या, म्हणून तो बेत तेव्हां राहिला. पुढें १९०४ सालीं अमेरिकन तज्ज्ञ वेल्ड, दोराबजी टाटा व शापुरजी सकलातवाला ह्यांनीं चांद्याचीं अरण्यें बैलगाडीनें धुंडाळलीं. धातुक चांगलें होतें, पण मोठ्या कारखान्यास पुरेल असें एके ठिकाणीं नव्हतें. त्यानंतर नागपूरच्या संग्रहालयांतील भूगर्भाच्या नकाशावर दोराबजींची नजर दुर्ग जिल्ह्यावर गेली आणि शोध तिकडे वळला. चांदा प्रांत मागें पडला तो असा.

भामरागड आलापल्लीहून सुमारें पासष्ट किलोमीटर आंत आहे. पर्लकोटा, पामुलगौतमी व इंद्रावती ह्यांचा तेथें संगम होतो, आणि पर्लकोटेस पूर आला कीं गांवाचा जगाशीं संबंध तुटतो. वस्ती मुख्यतः माडिया गोंडांची. वायव्येस एटापल्ली तालुक्यांत सुरजागडचा डोंगर आहे. त्याच्या पोटांत उच्च प्रतीचें धातुक आहे व माथ्यावर ठाकूरदेवाचें स्थान आहे. दरवर्षीं जानेवारींत तेथें परिसरांतील गांवांची यात्रा भरते.

देशी भट्टीचा अवशेष ओळखणें हिऱ्याच्या खड्ड्यापेक्षां सोपें आहे, कारण लोहकीट कुजत नाहीं. भट्टी मातीची, पुरुषभर उंचीच्या आंतली. इंधन लांकडी कोळशाचें. वारा भात्याचा, व तो आंत सोडावयास मातीची नळी. भट्टी पावसांत विरघळते, पण कीट, नळ्यांचे तुकडे व भाजलेली लाल माती राहतात. कीट व धातुक ह्यांत नवशिक्याचा घोंटाळा होतो. धातुक दगडावर घासलें तर तांबडी रेघ उमटते. किटावर वितळून वाहिल्याच्या वळ्या व फुगे दिसतात, आणि फोडलें असतां तें कांचेसारखें चमकतें. लोहाराच्या ऐरणीजवळचें कीट वाटीच्या आकाराचें असून तें गांवांत सांपडतें. धातुक गाळल्याचें कीट गांवाबाहेर, कोळसा व पाणी जेथें जवळ तेथें, ढिगानें सांपडतें. हा भेद न केल्यास प्रत्येक लोहारशाळेस कारखाना म्हणण्याची पाळी येईल.

ही कला बुडण्याचीं कारणें स्पष्ट आहेत. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राखीव रानांत कोळसा पाडणें गुन्हा ठरलें, आणि आगगाडीनें आलेलें स्वस्त विलायती लोखंड आठवड्याच्या बाजारांत येऊन बसलें. धातुक संपलें म्हणून हा धंदा पडला नाहीं. हिऱ्याच्या व लोखंडाच्या खाणींत हा मोठा फरक आहे. तें धातुक शिल्लक होतें म्हणूनच २००७ सालीं सुरजागडवर ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा दिला गेला, २०१६ त काम सुरू होतांच वाहनांची जाळपोळ झाली, आणि २०२१ पासून खोदकाम नियमित व मोठ्या प्रमाणावर चालू झालें. स्थानिक लोकांचा विरोध, रोजगाराची गरज व सरकारचें धोरण ह्यांचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु इतिहाससंशोधकास एक गोष्ट सांगणें भाग आहे : डोंगराचा माथा एकदां काढला गेला म्हणजे त्यावरील जुन्या भट्ट्या, पायवाटा व देवस्थानें ह्यांची मोजणी पुन्हां होऊं शकत नाहीं.

८. शोध कसा करावा?

१९८० नंतरच्या नक्षलवादी चळवळीमुळें कित्येक दशकें ह्या भागांत पुराणवस्तूंचें पद्धतशीर सर्वेक्षण होणें कठीण होतें. आतां रस्ते व पूल झाले आहेत, आणि रस्त्याबरोबर यंत्रेंही आलीं आहेत. म्हणून अवधि थोडा आहे. ऋतु निवडतांना फाल्गुन-चैत्र निवडावा. त्या वेळीं पानगळ झालेली असते, आणि मोहाचीं फुलें वेंचावयास लोक झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्यामुळें जमीन उघडी पडते. पावसाळ्यानंतर गवतांत कीट दिसत नाहीं.

नकाशापेक्षां गांवचा गायता अथवा भूमिया अधिक उपयोगी पडतो. माडिया मनुष्य प्रत्येक टेकडीस, ओढ्यास व खांचरास नांवानें ओळखतो, आणि जुन्या धंद्याची आठवण बहुधा नांवांतच उरते. ‘वैरागड’ व ‘लोहारा’ हीं त्याचीं ढळढळीत उदाहरणें आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं गडचिरोलींतील शेंकडों ग्रामसभांनीं आपल्या रानांवर हक्क मिळविले. मेंढा (लेखा) व मर्दा ह्यांस ते २००९ सालींच मिळाले. त्या निमित्तानें गांवांनीं आपल्या हद्दींतील स्थळांच्या ज्या याद्या केल्या, त्या इतिहासाचें साधन म्हणून अद्याप कोणीं तपासल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. वैरागडच्या बाजूचीं मराठी व भामरागडच्या बाजूचीं माडिया नांवें शेजारीं ठेवून पाहिलीं, तर कोष्टकांत न मावणारी माहिती हातीं येईल. मात्र नांव माडिया उच्चारांतच लिहून घ्यावें. त्याचें मराठी रूपांतर केलें कीं पुरावा नासतो.

सापडलेली वस्तु उचलून आणूं नये. जागा, दिशा, ढिगाची लांबी-रुंदी, जवळचें पाणी व सांगणाऱ्याचें गांव इतकें टिपून छायाचित्र घ्यावें. देवस्थानाच्या हद्दींत गांवच्या परवानगीवांचून पाऊल टाकूं नये. तें सौजन्य म्हणून नव्हे तर संशोधनाची अट म्हणून पाळावें, कारण ज्या गांवाचा विश्वास उडतो तें गांव दुसऱ्या संशोधकासही कांहीं सांगत नाहीं.

वैरागडबद्दल नांव, दोन शिलालेख व एक फारसी ग्रंथ इतका पुरावा एकाच ठिकाणाकडे बोट दाखवितो. उणीव आहे ती सतीकांठच्या खड्ड्यांच्या मोजणीची. भामरागडबद्दल उलट स्थिति आहे : तेथें कागद नाहींत, जें आहे तें सर्व डोंगरावर आहे. आरमोरी, एटापल्ली व भामरागड तालुक्यांतील शिक्षक, वनरक्षक व ग्रामसभांचे सभासद ह्यांपैकीं कोणास धुतलेल्या गोट्यांचे ढीग अथवा लोहकिटाचे ढिगारे ठाऊक असतील, तर त्यांनीं वर सांगितल्याप्रमाणें टिपण करून मंडळाकडे धाडावें. पहिलें काम सुरजागड व त्याच्या भोंवतालच्या डोंगरांचें घ्यावें. वैरागडचे खड्डे आणखी दोन उन्हाळे थांबूं शकतील, सुरजागडचा माथा थांबणार नाहीं.